साडेनऊ लाखांची चौकट

बाजार तिला वेल्डरबाई म्हणायचा, मामा नुसतं 'पोरी' म्हणायचा, आणि पोरीने चाळिशी ओलांडली होती. मामाच्या वर्कशॉपमध्ये चाळीस-पन्नास वर्षांच्या मोटरसायकली कापून, वाकवून, हौशी माणसांना भुरळ पडेल अशा घडवल्या जात. मागच्या खोलीत ती घडवायची आणि पुढच्या दालनात मामा विकायचा. प्रत्येक गाडीला तपासणीचा कागद असे. इंजिन कसं, ब्रेक कसे, असं लिहून खाली तिची सही. गिऱ्हाइकं मामाचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडत आणि सही पाहून पैसे मोजत.

त्या शुक्रवारी काळ्या गाडीसाठी एक दंतवैद्य आले. सौदा ठरायच्या आधीच हेल्मेट घेऊन आले होते, म्हणजे माणूस पुरता घायाळ. मामाने किंमत लावली होती साडेनऊ लाख. तीच गाडी जशी कारखान्यातून आली तशी असती, तर सहाला गेली असती. पण हिची चौकट, म्हणजे इंजिन-सीट पेलणारा नळ्यांचा सांगाडा, मागून कापून चार बोटं खाली घेतलेली. चौकट कापली की जुन्या वस्तूची किंमत गेली, मग वर कितीही कलाकुसर करा. अडीच मिळाले तरी डोक्यावरून पाणी. कापतानाच तिने हे मामाच्या कानावर घातलं होतं. तू काप, विकायचं माझ्यावर सोड, असं तो म्हणाला होता.

आता तो सहीसाठी कागद घेऊन मागे आला. त्यावर एक नवी ओळ होती. चौकट: मूळ.

"मामा, चौकट कापलीय."

"कोणाला दिसतंय?"

"मला."

"तुला दिसणारच. लपवलंयस तूच ना?"

हे मात्र तिला झोंबलं. चौकटीचे दोन्ही जोड तिने तीन दिवस बारीक कानशीने घासले होते. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम, आणि त्याला नाव काय मिळालं, तर लपवणं. ती पाना उचलून सरळ बाहेर गेली.

दंतवैद्यांना तिने गाडीपाशी उकिडवं बसवलं आणि पुढच्या नळीवर पाना आपटला. खणखणीत आवाज आला. मागच्या नळीवर आपटला, तर नुसतं ठक्.

"आत दुसरी नळी घालून जोडलंय," ती म्हणाली.

दंतवैद्यांनी पाना मागून घेतला आणि दोनदा स्वतः वाजवून पाहिलं. "भरलेला दात," ते पुटपुटले.

बाईंना थट्टेची सवय आहे, असं म्हणून मामा हसला. तिने खिशातलं पातं काढून अंगठ्याएवढा रंग खरवडला. केसाएवढी पिवळसर रेघ उघडी पडली. जोड पितळेचा होता. मामाचं हसू जागच्या जागी वाळलं.

मग तिने कोऱ्या कागदावर लिहिलं: चौकट मागून कापलेली. जोड दोन, दोन्ही माझे, सुटणार नाहीत. चालवायला उत्तम. जुनी वस्तू म्हणून अडीच लाख. खाली सही.

मामाने तो कागद फाडला. तिने दुसरा लिहायला घेतला.

"फाड तू. माझ्याकडे अख्खी वही आहे."

दंतवैद्य उठले. आभार वगैरे मानणं दूरच, उलट चिडले होते. आपण किती खुशीत आलो होतो, आणि बाईंनी गोड स्वप्नात मिठाचा खडा टाकला, असं काहीबाही बोलले. तरी तीन लाखांना द्याल का, असं त्यांनी दारातून विचारलं. मामाने पाठ फिरवली, तसे ते गेले.

मामा मग शांतपणे म्हणाला की उद्यापासून तिने येऊ नये. "वेल्डिंगचा टॉर्च मीच दिला होता तुझ्या हातात, विसरलीस."

"टॉर्च काढून ठेवते, मामा. सही मात्र माझी आहे."

ती आवरायला मागे जाईल असं त्याला वाटलं. ती वही घेऊन शेजारच्या लाल गाडीकडे वळली, तिचा कागद काढला, आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत चौकट कुठे कापलीय ते लिहू लागली. आता हे काय चाललंय, असं मामाने विचारलं.

"हिच्यानंतर सहा राहिल्यात," ती मान वर न करता म्हणाली. "तेवढ्या लिहून जाते."