शैलाताईंचं मशीन

आमच्या ऑफिसातल्या शैलाताई टायपिंगला उशीर झाला की म्हणायच्या, "कॉम्प्युटरच हळू आहे हो." शेजारी बसून ते ऐकायचा मला कंटाळा आला होता. काल दुपारी मी त्यांच्या कॉम्प्युटरचं झाकण काढून मदरबोर्डवर मेमरीची नवी पट्टी बसवली. मशीन झटकन सुरू झालं. साहेबही पाहायला आले. शैलाताई एकेक अक्षर शोधत होत्या, आणि पडद्यावरची उभी रेघ त्यांची वाट पाहत लुकलुकत होती.

"आता कोण हळू आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळे हसले. माणसं एखाद्या सबबीच्या आडोशाने अब्रू राखून नोकरी निभावतात. शैलाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही लक्ष घातलंत."

असं होणार, हे मला पट्टी दाबतानाच ठाऊक होतं.