जांभळीसमोरचा पत्रा

मोठमोठे दरोडे आता डोक्यातून गेले, पण एका पत्र्याची चोरी काही केल्या विसरत नाही.

तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका बाजारगावचं ठाणं माझ्याकडे होतं. पुराने पेठ धुऊन नेली होती. आठवडी बाजाराच्या जागेवर सरकारने मोठं बाजारसंकुल बांधायला घेतलं. भोवती पत्र्यांचं कुंपण घातलं आणि बाजार गावाबाहेर हलवला.

थोड्याच दिवसांत ठेकेदार तक्रार घेऊन आला. दर बाजाराच्या दिवशी रस्त्याकडचा एक पत्रा गायब होत होता; नवा लावला की पुढच्या बाजाराला तोही जायचा. आम्ही रिवाजाप्रमाणे भंगारवाल्याला आणून बसवलं. हाती काही लागलं नाही. चोर एकच पत्रा नेतो, तोही दर वेळी त्याच जागचा, हे मला खटकत होतं.

शेवटी समोरच्या चहावाल्याने खबर दिली. "सायेब, चोर आतच बसलाय. करवंदं घेऊन."

गेलेले सगळे पत्रे नाल्यात पाल्याखाली नीट झाकलेले सापडले. कुंपणाच्या आत जांभळीखाली डोंगरपाड्यावरची एक बाई पाटी मांडून बसली होती. गिऱ्हाईक औषधालाही नव्हतं.

ठाण्यात महिला हवालदाराने खूप विचारलं, बाई दारातून रस्त्याकडेच बघत राहिली. मग मी म्हणालो, "मावशी, सगळा बाजार तिकडे. तुम्ही इथे कुणाला विकता?"

"इकाया नाय बसत सायेब. लेकीची वाट बघते."

पुरात घर गेल्यावर लेक आणि जावई वीटभट्टीवर गेले होते. कुठल्या, ते हिला ठाऊक नाही. फोन पुरातच गेला. भट्टीवरची माणसं सामानासाठी बाजाराला येतात, म्हणून लेक सांगून गेली होती, जांभळीखाली भेटू. ती पहिलटकरीण, दिवस भरत आलेले.

"पयलं बाळंतपण आयशीकडंच होतं आमच्यात. पत्र्यामागं मी दिसन का तिला? ती मागारी जाईल, सायेब."

 ठेकेदाराला बोलावून चार शब्द सुनावले. त्याने तक्रार मागे घेतली, तिथे पत्र्याऐवजी जाळी लावली आणि बाजाराच्या दिवशी बाईला फाटकातून आत येऊन बसायची मुभा दिली.

पुढे एका बाजाराच्या दिवशी हवालदाराचा फोन आला. मी पोचलो तेव्हा जड अंगाची एक पोर बाहेरून जाळी धरून उभी होती. आई आतून तिची बोटं धरून रडत होती. दोघींनाही फाटकाची आठवण नव्हती.

संकुल झालं. ओटे, पंखे, सगळं छान. जांभूळ गेलं. डोंगरच्या बाया मात्र ओटे सोडून बाहेर पायरीवरच बसायच्या. त्यांना हटवा, म्हणून ठाण्यात फोन यायचे. तिथून रस्ता दिसतो, एवढंच सांगून मी फोन ठेवायचो.