मी बसवलेलं सील

शाळेत मी मुलांना भूगोल शिकवतो आणि शाळेबाहेर सगळ्यांना सगळंच. त्यामुळे एका निवृत्त ग्रामसेवकाच्या गोठ्यात वर्षानुवर्षं बंद पडलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल मी घरी आणली, तेव्हा 'ही मी स्वतः उभी करणार' हे कोणी न विचारताच चार जणांना सांगून टाकलं. पंधरा दिवसांत गाडी पूर्ण सुटी झाली. सुटी करायला अक्कल लागत नाही, हे नंतर कळलं. बायकोच्या डाळीच्या डब्यांत मी सगळे भाग भरले आणि कुठल्या डब्यात काय आहे याची यादी कुठल्यातरी डब्यात ठेवली.

मग मित्राकडे गेलो. आम्ही एका बाकावर शिकलेले. संग्रामपूरच्या बाजारात त्याचं पेट्रोलचे फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. त्या पंपांचं इंजिनही टू-स्ट्रोकच. कपाशीच्या हंगामात पूर्वी त्याच्या दारात पंपांची रांग लागायची. आता लोकांनी बॅटरीचे पंप घेतले, म्हणून रविवारी यायला तो लगेच तयार झाला. वेळ त्याला इतर दिवशीही होता, पण ते तो बोलत नव्हता.

रविवारमागून रविवार गाडी जुळत गेली. तो काम करायचा आणि मी पाने द्यायचो, बहुतेक वेळा चुकीचे. एका रविवारी त्याला लग्नाला जायचं होतं, तेव्हा माझ्यावर एकच काम सोपवलं: इंजिनाच्या डाव्या बाजूचं सील बसवणं. सील म्हणजे रबराची चकती. ती फिरत्या दांड्याला घट्ट धरते आणि बाहेरची हवा इंजिनात शिरू देत नाही. 'पाइपाचा तुकडा ठेवून हळूहळू ठोक,' असं त्यानं बजावलं होतं. मी स्क्रूड्रायव्हरनं दाबलं. सीलची कड नखाएवढी फाटली. नवं आणायला खामगावला जावं लागलं असतं, म्हणून मी तेच आत ढकललं, वर मॅग्नेटचं जड चाक चढवलं आणि झाकण आवळलं.

"सील बराबर बसवलं ना बे?" त्यानं पुढच्या खेपेला विचारलं.

"हाव. मास्तर आहो मी," मी म्हणालो.

गाडी जोडून झाली. किक मारली की पेट घ्यायची, एकदम वर चढायची आणि मान टाकायची. त्यानं कार्ब्युरेटर तीनदा उघडला. ठिणगीचा पॉइंट लावला, कॉइल बदलली, प्लग बदलले. मी बाजूला उभा राहून सल्ले देत होतो. सहा रविवार असे गेले. मला सीलची आठवण होत नव्हती असं नाही, पण दर रविवारी वाटायचं की आज कदाचित सील न बदलताही चालेल. बाजारात कोणी विचारलं की मी खांदे उडवून म्हणायचो, "पाहून राह्यलो, पण त्याच्यानं जमून नाही राह्यलं." हे वाक्य लिहिताना आजही कान तापतात.

सहाव्या रविवारी त्यानं पाना खाली ठेवला आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

"माहा हात गेला बे," तो म्हणाला. "पंपही असेच बिघडवत असन मी, लोकं तोंडावर सांगत नसतीन. बाजारात तेच बोलून राह्यले सारे. हा हंगाम झाला की दुकान बंद करतो."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्याला चहा घेतोस का विचारलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळीच खामगावहून नवं सील आणलं. बेत असा, की गुपचूप बदलायचं आणि रविवारी गाडी त्याच्याच हातानं चालू होऊ द्यायची. पण मॅग्नेट काही केल्या निघेना. ते ओढून काढायला पुलर लागतो आणि तो त्याच्याकडेच होता. गेलो मागायला.

"पुलर काऊन पाह्यजे तुले?"

"शाळेत लागते," मी म्हणालो.

भूगोलाच्या मास्तरला पुलर कशाला, हे त्यानं विचारलं नाही. नुसता पाहत राहिला. मग मी सगळं सांगून टाकलं, स्क्रूड्रायव्हरपासून बाजारातल्या खांदे उडवण्यापर्यंत.



"म्हणजे कार्ब्युरेटर बराबर होता?"

"होता."

"अन् पॉइंट?"

"तोही. पह्यल्याच दिवशी लावला तसाच बराबर होता."

तो स्टुलावर बसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याचे डोळे भरून आले. हातातल्या ऑइलच्या फडक्यानंच त्यानं ते पुसले आणि तोंड काळं झालं. तोंड काळं व्हायला हवं होतं माझं.

त्याच दुपारी घरी येऊन अर्ध्या तासात त्यानं सील बदललं. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली ती झालीच. मी बसायला पुढे झालो, तर त्यानं हँडल सोडलं नाही.

"आधी बाजारात चाल. मी सांगतलं तर लोकं म्हणतीन, बहाणा करून राह्यला. तू सांग."

बाजाराचाच दिवस होता. त्याच्या दुकानासमोर फाटकं सील हातात धरून मी सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. एका पालकानं काळजीनं विचारलं, "सर, पोराईले तरी बराबर शिकवता ना?" मित्र हसला नाही. तो इंजिनाचा आवाज ऐकत उभा होता.

"आठ दिवस राहू दे इथं," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी तो शटर वर करतो आणि आधी गाडी चालू करून ठेवतो. अख्ख्या बाजाराला ऐकू जातं, समोरच्या बसथांब्यावर मलाही. दुकान बंद करायची गोष्ट तो पुन्हा बोललेला नाही आणि मीही तो विषय काढत नाही. आठ दिवसांचे दोन महिने झाले. काल बायकोनं विचारलं, गाडी घरी कधी येणार?

"अजून थोडं काम बाकी आहे," मी म्हणालो आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो.