पोवळ्याला खताचा डोस

“हात लावू नका म्हणून सांगून गेले होते ना, मामा?”

“हात कुठं लावला? चमच्यानं टाकलं.”

“काय टाकलं?”

“एकोणीस-एकोणीस खत. पाण्यात इरघळणारं. लई नाय, रोज चहाचा चमचाभर.”

हर्षालीनं दुकानातल्या काचेच्या टाकीकडं पाहिलं. आठ दिवस ती घोडेगावला माहेरी काय गेली, इथं सासऱ्यांनी समुद्राचं डबकं करून ठेवलं होतं. आतल्या प्रवाळावर हिरव्या शेवाळाची गोधडी पसरली होती.

भगवंतरावांचं आळेफाट्यावर खता-बियाण्यांचं दुकान. एसटी स्टँडवर वांग्याची रोपं विकत विकत माणूस इथवर आला, पण शिकला एकच विद्या. दिसेल त्याला डोस. टोमॅटो पिवळा पडला, डोस. म्हैस आटली, डोस. मुलाचं इंग्रजी कच्चं राहिलं तेव्हा त्यालाही टॉनिकच्या बाटल्या पाजल्या. इंग्रजी होतं तिथंच राहिलं, पोरगा तेवढा जाड झाला. पुढं समोरच्या दुकानदारानं रंगीत मासे ठेवले, म्हणून यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि मुंबईहून जिवंत प्रवाळ आणलं. विकायला बंदी आहे हे कळल्यावर तर छाती आणखी फुगली. देखभालीला सून होतीच, प्राणिशास्त्र शिकलेली. जणू तिच्या बापानं याच कामासाठी तिला कॉलेजात घातलं होतं.

दोन हजार पाचचा मे महिना. भारनियमनात दुपारभर वीज नसायची. टाकीतलं पाणी तापलं आणि तपकिरी प्रवाळ पांढरं पडलं. भगवंतरावांना वाटलं, खत कमी पडल्यावर रोप पडतं तसंच हे पांढरं पडलं.

“ते मेलं नव्हतं, मामा. पाणी तापलं की ते अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळानं उजेडावर केलेलं अन्नच ते खात असतं. पाणी गार राहिलं असतं तर परत भरलं असतं. म्हणून तर मी बर्फाच्या पिशव्या सोडत होते.”

“मंग शेवाळच पायजे व्हतं ना त्याला? बघ की, किती आणलंय म्या.”

“ते अंगातलं. हे वरचं त्याचा उजेड अडवतं, त्याला गुदमरवतं. त्याला नितळ पाणी लागतं, ज्यात खत जवळजवळ नसतंच असं.”

“बिनखताचं काय जगतं का कुठं?”

तेवढ्यात आळ्याचा गेणू मिरचीचं सुकलेलं रोप घेऊन आला. “राव, माना टाकतीय.”

भगवंतरावांनी पान उलटूनही न बघता तीन पुड्या काउंटरवर ठेवल्या.

“मुळाशी पाणी साचतंय का, ते तरी विचारा,” हर्षाली म्हणाली.

“आमची सूनबाई. समुद्राची डॉक्टरीण हाय.”

“मंग मिरचीला लाटा सोडू का, वहिनी?” गेणूनं विचारलं. दोघं पोट धरून हसले.

हर्षालीनं बाही वर केली आणि टाकीत हात घातला. शेवाळाखाली नुसते पांढरे सांगाडे. पंपामागच्या कोपऱ्यात मात्र बोटभर फांदी अजून तपकिरी होती. तिच्यावरची इवली इवली तोंडं स्पर्शासरशी मिटली. जाण्याआधी तिनं मिठाचं पाणी बनवून झाकून ठेवलं होतं. ते बादलीत ओतून तिनं फांदी अलगद त्यात सोडली.

“ती कशाला काढतीस? एकच ऱ्हायलीय तर तिला डबल देऊ. न्हाईच जगली तर दुसरं मागवू मुंबईवरनं. फकस्त त्या मुंबईवाल्यान्ला इचारून ठिव, पोवळ्याला युरिया चालतो का.”

तिनं बादलीवर ओलं फडकं टाकलं आणि पायऱ्या उतरली.

“आगं ए, गल्ल्यावर कोण बसंल?”

हर्षाली बादली हिंदकळू न देता, उन्हातून बर्फाच्या कारखान्याकडं चालू लागली.