शिवणीच्या दोऱ्याची चव

"उंदीर पुस्तकं खातात आणि ही उंदीर खाते. आपली सोयच झाली."

सर माझ्याकडे बघत असं म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

सत्त्याण्णव साल. मुरबाडला एका वकिलाच्या बंगल्यात इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला छापलेली मराठी पुस्तकं निघाली होती. सर मुंबईचे, मोठे अभ्यासक. त्यांना मजकुराशी देणंघेणं नव्हतं. कागद, शाई, शिवण, पुठ्ठा, एवढंच तपासायचं. मोजमापं लिहायला त्यांनी शहापूरच्या कॉलेजातून आम्हा चौघांना आणलं होतं. तिघांना नावानं हाक. मला "ए कातकरणी". पुस्तकाला हात लावण्याआधी त्या तिघांनी हात धुतले की झालं. माझे धुतलेले हात सर हुंगून बघायचे.

एका पुस्तकाची शिवण सुटली होती. सर म्हणाले, "लिही. दोरा विलायती, ओल लागून तांबूस पडलेला." मला तो रंग ओळखीचा वाटला. शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावर बाबा नदीत टाकायच्या जाळ्याला कात लावायचे, सूत कुजू नये म्हणून. टेबलावर दोऱ्याचा तुटका तुकडा पडला होता. मी तो जिभेवर ठेवला. तुरट. कातच.

"सर, ही ओल नाही. बांधणाऱ्यानं दोऱ्याला कात लावलाय. मुद्दाम."

त्यांनी मला अंगणातल्या नळावर चुळा भरायला लावल्या. सगळ्यांदेखत. वर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कात लावल्याबिगर आमी सूत पान्यात टाकीत नाय. त्यांना नसंल म्हायती. तू कशाला रडतीस गो?"

सात वर्षांनी सरांचा ग्रंथ आला. शहापूरच्या कॉलेजात त्यांचं व्याख्यान ठेवलं. मी तेव्हा याच विषयात पीएच.डी. करत होते. पडद्यावर तोच दोरा. सर म्हणाले, "हा कात आहे, हे प्रथम माझ्या लक्षात आलं." टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले.

"कसं लक्षात आलं, सर?"

"निरीक्षणातून."

"चाखला कुणी? आणि चुळा कुणाला भरायला लावल्यात?"

"बसा तुम्ही."

मी बसले नाही. मुरबाडचं सगळं सांगितलं, उंदरासकट. सर पाणी प्यायले. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानून टाकले.

मला सूड घ्यायचाय. चांगला शब्द शोधत बसत नाही. त्यांच्या ग्रंथातलं एकेक पुस्तक मी पुन्हा हातात घेतेय. कागद उजेडावर धरते, शिवणीची भोकं मोजते. दोन ठिकाणी त्यांनी नंतरची बांधणी मूळची म्हणून खपवलीय. प्रत्येक चूक पान क्रमांकासह लिहितेय, त्यांच्या नावासह. कात ओळखायला कुणी शिकवलं, तिथं बाबांचं नाव.

लोक म्हणतात, जाऊ दे, म्हातारे झाले आता ते. म्हणूनच मला घाई आहे. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतंय तोवर हे छापून यायला हवं.