बाप परत येतो

निवृत्ती गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. त्याला आता दीड महिना झाला.

बहात्तरच्या आसपास आम्ही नगरला कॉलेजात होतो. मी नगरचाच, तो तिसगावचा. दोघांनाही कथा लिहायच्या होत्या. माझ्याकडे शब्द भरपूर, सांगायला काही नाही. त्याचं नेमकं उलट. तो आधी पोस्टकार्डावर मावेल एवढा कथेचा आराखडा लिहायचा आणि मग महिनोन्‌महिने त्याच्याभोवती फिरायचा. त्यातला एक मला अजून पाठ आहे. ऊसतोडीला गेलेला बाप, गावात वाट पाहणारी बाई, मध्ये पंधरा वर्षं. शेवटची ओळ : बाप परत येतो. निवृत्तीचे वडील तो चार वर्षांचा असताना श्रीगोंद्याकडे तोडीला गेले, ते आलेच नाहीत. मेल्याचा निरोपही आला नाही, म्हणून त्याची माय कुंकू लावायची.

बाकीची कथा त्यानं भराभर लिहून काढली. शेवटच्या ओळीपाशी मात्र अडला. "तीनच शब्द हायेत, पन त्यांचं पान हुईना," म्हणायचा. एके दिवशी त्यानं विचारलं, "तुझे वडील घरी आले की पहिलं काय करत्यात रं?"

"चपला काढतात."

"आन्‌ मंग?"

मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते, दर शनिवारी एसटीनं घरी येत. त्या शनिवारी निवृत्ती दुपारपासून आमच्या ओसरीवर बसून राहिला. वडील आले, पिशवी आईकडे दिली, पाय धुतले, समोरच असलेला पंचा कुठं आहे म्हणून विचारलं. आईनं न बोलता ताट वाढलं. निवृत्तीलाही बसवलं. तो सारखा वडिलांकडेच बघत होता. पोरगा भुकेला दिसतो असं वाटून त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढायला लावली.

त्यातून दोन पानं झाली. पुढच्या सुट्टीत ती मायला वाचून दाखवायला तो मला तिसगावला घेऊन गेला. तिच्याच आयुष्याची गोष्ट. ती नको म्हणाली तर फाडून टाकणार होता. माय बाजरी पाखडत ऐकत होती. कथेतली बाई ताट वाढते, तिथं सूप थांबलं.

"लगीच ताट?"

निवृत्तीनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आरं, पंध्रा वरसं गेल्ता ना त्यो? आदी भांडू दे की तिला!"

"काय भांडंल ती?"

"लिही."

आणि माय भांडली. पोरगं तापानं फनफनलं तवा तुमी कुठं हुता... भावकीनं बांध कोरला तवा कुठं हुता... कुंकू बघून बाया हसायच्या, तवा? एवढ्या रागातही 'तुमी' सुटलं नाही. निवृत्ती मान वर न करता लिहीत होता. ती थांबली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "मंग बाप काय म्हनला?"

"त्यो काय म्हननार?" तिनं सूप उचललं. "जेवला."

कथा त्यानं कुठं पाठवली नाही. माय होती तोवर दर दिवाळीला ती त्याच्याकडून तेवढीच पानं वाचून घ्यायची आणि भांडणात एखादी नवी ओळ घालायला लावायची.

मागच्या आठवड्यात मुलीनं त्या कथेची वही माझ्याकडे पाठवली. भांडण वाढत वाढत समासात गेलंय, मग डकवलेल्या चिठ्ठ्यांवर. शाई दर वर्षीची वेगळी, खाडाखोडही पुष्कळ... 'जेवला' तेवढं एकदाही खोडलेलं नाही.