रुईचा चीक

भूमला आमच्या घरामागं रुईची झुडपं होती. दर शनिवारी मारुतीला तिथल्याच पानांची माळ जायची. एसटी नुकती सुरू झाली होती त्या दिवसांत, मुरुम गावात दिलेली माझी थोरली बहीण माहेरी निघून आली आणि माळेचं काम तिच्याकडं गेलं. तिच्या पाठीवरचे वळ आईनं पाहिले होते. तरी दिवाळी झाली की जाईल परत, असंच घरात सगळे बोलायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असत. बहीण त्यांची पानं सोडून बाकीची तोडायची. ही अळी रुईच खाते, तो विषारी चीक तिच्या अंगात मुरतो, फुलपाखरू झालं तरी जात नाही, म्हणून पाखरं त्याला गिळत नाहीत, असं तिनंच मला सांगितलं. एकदा झेंडूत सोंड घालून रस पीत बसलेलं एक नारिंगी फुलपाखरू कोतवाल पक्ष्यानं आमच्या डोळ्यांदेखत उचललं आणि लगेच टाकून दिलं. ते जरा वेळ मातीत पडून राहिलं. मग फाटक्या पंखानं उडून पुन्हा झेंडूवर बसलं. मी टाळ्या पिटल्या. बहीण त्या पंखाकडंच बघत होती.

"वाचलं," ती म्हणाली, "पण चोचीचा मार खाल्ल्यावर."

दिवाळीनंतर तिचे सासरे न्यायला आले. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यांच्यापुढं हात जोडले. आईनं पेटी आधीच भरून ठेवली होती. जिला जायचं तिला कुणी विचारलंच नाही. ती आपणहून बाहेर आली, पदर सावरला आणि हळू आवाजात बोलली.

"मामंजी, न्यायचं तर न्या. पण माझ्या हातची भाकरी खाताना रुईचा चीक आठवत जा."

सासरे पाण्याच्या तांब्याला न शिवता उठले आणि दुपारच्या गाडीनं एकटेच गेले. नंतर तिकडून कुणी फिरकलं नाही. सुटली एकदाची, म्हणून मी मनातून नाचत होते.

संध्याकाळी ती पीठ मळायला बसली, तेव्हा आईनं तिच्यापुढची परात ओढून घेतली. भाकरी तिनं स्वतःच थापल्या. अण्णा मान खाली घालून जेवले.

बहीण जन्मभर आमच्याच घरात राहिली. झाडलोट केली, दोघांची दुखणीखुपणी काढली. मारुतीला तिच्या हातची माळ चालायची. आईनं मात्र मरेपर्यंत तिला चुलीपुढं बसू दिलं नाही.